अंगुळांनी राखलेला थांगका

थांगका म्हणजे कापडावर रंगवलेला, गुंडाळून ठेवता येणारा तिबेटी देवतापट. त्याचं कूळ भारतीय आहे. साधनेसाठी कापडावर देवता रंगवायची रीत आपल्याकडे जुनी. ‘मंजुश्रीमूलकल्प’ या संस्कृत ग्रंथात असा पट कसा विणून घ्यावा, कसा रंगवावा, याचा विधीच सांगितला आहे. पाल राजांच्या काळात नालंदा-विक्रमशिलेला शिकायला आलेल्या तिबेटी भिक्षूंनी ही परंपरा हिमालयापार नेली. अजिंठ्याची भिंत जागची हलत नाही. पट गुंडाळून खांद्यावर टाकता येतो. खिंडी ओलांडत निघालेल्या धर्माला असंच चित्र हवं होतं.

पुढे बिहार-बंगालमधले विहार उद्ध्वस्त झाले आणि तिबेटी मठांची मदार काठमांडू खोऱ्यातल्या नेवार चित्रकारांवर आली. ते अशा पटाला पौभा म्हणतात. पंधराव्या शतकात मेन्ला दोंद्रुप या तिबेटी चित्रकाराने देवतांमागे चिनी धाटणीचे डोंगर, ढग, पाणी आणलं आणि मूर्तींच्या मापांवर ग्रंथ लिहिला. त्याची मेन्री शैली आजही शिकवली जाते.

शिष्याला रंग लवकर मिळत नाहीत. आधी रेघांची जाळी आखायची आणि तीत बुद्धाचं मस्तक काढायचं. गुरूचं समाधान होईपर्यंत तेच. मग देह, वस्त्रं, तारा, अवलोकितेश्वर आणि शेवटी उग्र देवता. मेन्री मापांत उभा बुद्ध 125 अंगुळांचा. हे अंगूळ चित्राच्या आकाराप्रमाणे लहानमोठं होतं, प्रमाण मात्र ढळत नाही. रेखाटनात तीनेक वर्षं जातात, रंगकामात जवळपास तेवढीच.

सुती कापड चौकटीवर ताणून त्याला खडू आणि सरसाचा लेप देतात, मग गुळगुळीत दगडाने घोटतात. निळ्यासाठी अझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट, लालसाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ. हे खडे खलून, पूड सरसात कालवून रंग होतात. सोन्याच्या रेषा अकीकाने घोटून उजळतात. देवतेचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात. पाठीमागे ‘ॐ आः हूं’ ही अक्षरं लिहून प्रतिष्ठा होते. चित्रकार सहसा आपलं नाव घालत नाही.

1959 नंतर हजारो तिबेटी भारताच्या आश्रयाला आले. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत तिबेटमधले मठ फोडले गेले, असंख्य थांगके नष्ट झाले. पण निर्वासित चित्रकारांच्या हातात मापं मुरलेली होती. धरमशालेजवळ 1988 साली स्थापन झालेल्या नोर्बुलिंग्का संस्थेत आज नवे शिष्य तीच जाळी आखतात.

एकच मस्तक शेकडो वेळा गिरवण्याला आपण घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडतो. थांगका वाचला तो त्या गिरवण्यामुळेच. या कलेवर ज्यांचं प्रेम आहे, त्यांनी शिकण्याच्या त्या लांबलचक वर्षांत शिष्याच्या पोटापाण्याची चिंता आधी वाहावी. संग्रहालयाच्या भिंती नंतर सजवाव्यात.