सुभद्रेचे पद द्रौपदीच्या तोंडी

गेले काही दिवस आपल्यापैकी अनेकजण एक खेळ खेळत आहेत. एखादे नाट्यपद घ्यायचे आणि ते भलत्याच कथेतील पात्राच्या तोंडी द्यायचे. कर्णाला कोणते पद शोभेल, येसूबाईंना कोणते, एखाद्या परदेशी मालिकेतील राणीला कोणते, अशी ती चढाओढ. त्यात कोणीतरी ‘सौभद्रा’तील ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे सुभद्रेचे पद द्यूतसभेतील द्रौपदीला बहाल केले, आणि लगेच आक्षेप आला : नाटकातून पद तोडणे म्हणजे इतिहासाचा अपमान. आक्षेप घेणाऱ्याची कळकळ मला समजते. पण मराठी संगीत नाटकाचा इतिहासच या आक्षेपाच्या विरुद्ध साक्ष देतो. हा थ्रेड त्या साक्षीसाठी.

आरंभीच्या नाटकांत पद पात्राचे नव्हतेच. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या पद्धतीच्या खेळांत पदे म्हणायचा तो सूत्रधार. रामाचे दुःख तोच गाणार, रावणाची घमेंडही तोच. पात्रे त्या गाण्याच्या ओघात हावभाव करीत आणि मग पुष्कळदा आयत्या वेळी सुचलेली भाषणे बोलत. एका गळ्यात सगळी पात्रे नांदत होती, आणि प्रेक्षकांना त्यात काही खटकत नव्हते. कीर्तनात बुवा एकाच बैठकीत यशोदाही होतात आणि कृष्णही होतात, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक सादर केले, तेव्हा पद पात्राच्या मालकीचे झाले. शकुंतलेचे शकुंतलेने गावे, दुष्यंताचे दुष्यंताने, कण्वाचे कण्वाने. (सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे ‘नलदमयंती’ याच्या आधीचे, १८७९ चे, हे जाणकार आठवण करून देतीलच. मान्य. पण परंपरा रुजली ती किर्लोस्करांपासून.) शाकुंतलात पदे दोनशेच्या आसपास. आजच्या प्रेक्षकाला हा आकडा दडपून टाकील, तेव्हाच्या प्रेक्षकाला तीच मेजवानी वाटत होती.

आता खरी गंमत पाहा. जुन्या नाटकाचे छापील पुस्तक हाती घ्या. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक टीप असते. कुठे ‘साकी’, कुठे ‘दिंडी’, कुठे ‘कामदा’, आणि पुष्कळ ठिकाणी ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. म्हणजे हे पद त्या गाण्याच्या सुरावर म्हणावे. स्वरलिपी छापण्याची सोय नसलेल्या काळात प्रेक्षकाच्या आणि नटाच्या कानावर विसंबून केलेली ती व्यवस्था होती. किर्लोस्करांनी कीर्तनातून घेतले, ओवी-अभंगांतून घेतले, लावणीतून घेतले, आणि स्वतः धारवाड-बेळगावकडचे असल्याने कानडी चालीही घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’त (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीच्या चालींना दार उघडले. पुढे ‘मानापमाना’त (१९११) गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग आणला आणि ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदांत उतरविल्या.

म्हणजे रुक्मिणी ज्या सुरांत श्रीकृष्णाला आठवते, ते सूर तिच्या आधी दुसऱ्याच कुणा नायिकेचे होते. ज्या पदाला आपण ‘त्या पात्राचे, त्या प्रसंगाचे’ म्हणून कवटाळतो, ते जन्मतःच दत्तक आलेले असते.

मग द्रौपदीला सुभद्रेचे पद शोभते का? माझ्या मते शोभते, पण अर्थ बदलतो, आणि तो कसा बदलतो हे पाहण्यातच या खेळाचे मोल आहे. ‘सौभद्रा’त (१८८२) बलराम सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवितो. तिचे मन अर्जुनावर. तिची तळमळ खरी. पण प्रेक्षकाला पहिल्या अंकापासून ठाऊक असते की कृष्णाने सगळी सूत्रे आपल्या हाती ठेवली आहेत. तिच्या विलापाखाली प्रेक्षकाचे स्मित वाहत असते. म्हणूनच ‘सौभद्र’ हे दुःखाच्या पदांनी भरलेले असूनही आनंदाचे नाटक ठरते. तेच पद द्यूतसभेत नेले की ते स्मित नाहीसे होते. शरण कुणाला जावे हा प्रश्न सुभद्रेकडे नाटकाची युक्ती होऊन येतो. द्रौपदीकडे तो भीष्म-द्रोणांवरचा आरोप होतो.

आणि प्रेक्षागृहात बसलेल्या स्त्रियांचे काय? ज्यांची लग्ने वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरविली होती, त्यांच्यासाठी सूत्रे हलविणारा कृष्ण कुठे होता? त्या हे पद घरी नेत, तेव्हा बलराम आणि दुर्योधन ओळखीच्याच चेहऱ्यांचे असणार, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून तो मांडत नाही.

याच संदर्भात गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ (१८९९) पाहावे. पंचाहत्तरीच्या घरातला भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, आणि भेदरलेली शारदा. या नाटकाची पकड इतकी घट्ट होती की आजही अनेक सुशिक्षित मराठी माणसे ‘शारदा कायदा’ या नाटकावरून पडला असे ठामपणे सांगतात. वस्तुस्थिती अशी की १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मांडला म्हणून ‘सारडा कायदा’. मराठी कानाने सारडाचे शारदा करून टाकले. तपशील म्हणून ही चूक आहे, आणि ती दुरुस्त केलीच पाहिजे. पण कायद्याच्या कलमामागे समाजाला एका नाटकातल्या मुलीचा चेहरा दिसत होता, हेही त्याच चुकीतून कळते.

पात्रामागे दुसरे पात्र पाहण्याची ही सवय राजकारणात तर फारच उपयोगी पडली. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, संयमी युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि संतापलेला भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही ते कळले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली, आणि त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोलने आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्याची दखल घेतली. ते गद्य नाटक होते, त्यात पदांचा आधार नव्हता. पण वीर वामनराव जोश्यांच्या ‘रणदुंदुभि’त (१९२७) तीच सवय गाण्याच्या मदतीला आली. ‘परवशता पाश दैवे’ हे पद दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यातून बाहेर पडले की नाटकातले राज्य आणि त्याचे कथानक मागे राही. श्रोत्याच्या मनात पारतंत्र्य एकच होते, आणि ते समोर रस्त्यावर उभे होते. आज ते पद ऐकणाऱ्या शंभरांतील एकालाही नाटकाची गोष्ट सांगता येणार नाही. मलाही ती मुद्दाम वाचावी लागली.

आतापर्यंत मी खेळाच्या बाजूने बोललो. आता आक्षेपाच्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे, कारण पद असे मोकळे सुटते तेव्हा वाटेत काही माणसेही गळून पडतात.

‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. एरव्ही भरजरी शालूंत वावरणारे नारायणराव इथे दारिद्र्याने गांजलेल्या गृहिणीच्या वेषात उभे राहिले. सिंधूची पदे आपण ‘गडकऱ्यांची’ म्हणतो. ती त्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. हे निदान अभ्यासकांना ठाऊक असते.

पण चाली कुणाच्या? त्यांतल्या अनेक चाली पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्या. ठुमरी, गझल, लावणी, भजन या सगळ्यांत लीलया वावरणारी ही गायिका. समाज त्या काळी अशा स्त्रियांना ‘गाणाऱ्या बाया’ म्हणून एका कोपऱ्यात बसवीत असे. प्रतिष्ठित नाटक मंडळ्यांच्या रंगभूमीवर पुरुषांबरोबर अशी बाई सहसा उभी राहू शकत नव्हती. तिथे स्त्रीची भूमिका पुरुषाने करायची हाच शिष्टाचार. बाईंचे सूर मात्र विंगेतून आत येऊ शकत होते.

‘कशि या त्यजू पदाला’ पुन्हा एकदा ऐका. दारूने वाया गेलेल्या पतीचे पाय न सोडण्याचा पतिव्रतेचा तो निर्धार. गोष्ट गडकऱ्यांची, शब्द गुर्जरांचे, गळा आणि देह नारायणराव राजहंसांचा, चाल सुंदराबाईंची. जिला सभ्य घरांच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तिच्या बैठकीतले सूर महाराष्ट्राच्या सर्वांत आदर्श पत्नीच्या तोंडी शोभले, आणि घरोघरच्या स्त्रिया ते गुणगुणू लागल्या. यापेक्षा मोठे स्थलांतर एखाद्या गाण्याचे झाले असेल असे मला वाटत नाही. आपण एखादे पद कर्णाला देतो तेव्हा विनोद म्हणून देतो. इथे एका स्त्रीचे सूर दुसऱ्या स्त्रीला दिले गेले आणि पहिलीचे नाव बहुतेकांनी विसरूनही टाकले.

तबकड्यांनी हे विसरणे सोपे केले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत सुमारे तीन मिनिटे. त्यात प्रसंग मावत नाही, संवाद मावत नाहीत, उरते फक्त पद आणि गायकाचा आवाज. सिंधूचे पद ‘बालगंधर्वांचे’ झाले ते असे. पुढे मैफलींत नाट्यपदे भैरवीच्या आधी फर्माइशीने म्हटली जाऊ लागली, तेव्हा तर पात्राचे नाव उच्चारण्याचीही गरज उरली नाही. शाकुंतलाची नांदी शाकुंतल होत नसलेल्या रात्रीही होतेच की.

एक उदाहरण उलट्या दिशेचे. ‘कट्यार काळजात घुसली’त (१९६७) जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन निराळ्या रागांत बांधले, कारण पंडितजींचे घराणे वेगळे आणि खाँसाहेबांचे वेगळे. शब्द तेच, पण चालीवरून पात्र ओळखावे. पदाला पुन्हा पात्राशी बांधण्याचा इतका हुशार प्रयत्न मराठी रंगभूमीवर क्वचितच झाला असेल. तरीही लोकांनी ती दोन्ही रूपे उचलली आणि आपापल्या मैफलींत नेली.

तेव्हा द्रौपदीला सुभद्रेचे पद खुशाल द्या. फक्त पुढच्या वेळी असे काही टाकाल तेव्हा नाटककाराच्या नावाखाली आणखी एक ओळ जोडा : चाल कुणाची. सुंदराबाईंना पाहायचे असेल तर व्ही. शांतारामांचा ‘माणूस’ (१९३९) काढा. त्यात नायकाची म्हातारी, देवभोळी आई आहे ना, त्या सुंदराबाई.