धार आणि देवास : दोन राजस्त्रिया आणि स्त्रीच्या हक्काचा प्रश्न

माळव्यातील देवास शहराला लागून जी टेकडी आहे, तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवींची स्थाने आहेत. भाविक त्यांस थोरली माता आणि धाकटी माता म्हणतात. योगायोग असा, की टेकडीखालच्या शहरातही पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती नांदत होत्या. एकाच गावात दोन राजे असण्याचा हा प्रकार हिंदुस्थानात विरळाच. पण वर डोंगरावर मात्र सत्ता निर्विवादपणे स्त्रीरूपाचीच होती. देवीपुढे हात जोडणाऱ्या आपल्या समाजाने घरच्या स्त्रीला कोणते हक्क दिले आणि कोणते नाकारले, हा प्रश्न या टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले असता मनात आल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत. एक पक्ष म्हणतो, स्त्रीचा हक्क ही वस्तूच पश्चिमेकडून आली. दुसरा म्हणतो, आमच्या परंपरेत स्त्रीला सर्व काही आधीच मिळालेले होते. ही दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. धार आणि देवास या दोन सख्ख्या संस्थानांचा इतिहासच त्यांची परीक्षा घेण्यास पुरेसा आहे.

प्रथम धार पाहू. इ. स. १८०७ मध्ये आनंदराव पवार वारले. मागे राहिली त्यांची पत्नी मैनाबाई, आणि ती गरोदर होती. शिंदे आणि होळकर यांच्या फौजांनी धारचा मुलूख ओरबाडून काढला होता. घराण्यातीलच एक दासीपुत्र मुरारराव गादीवर डोळा ठेवून बसला होता. मैनाबाई मांडवगडास गेली आणि तेथे तिला पुत्र झाला. त्याचे नाव रामचंद्रराव. पुढची हकीकत सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात दिली आहे. मुराररावाच्या गोड शब्दांवर विसंबून ती धारेस आली, तेव्हा तिच्या जिवावरच बेतले. परंतु तिने तान्ह्या मुलाला निष्ठावंत किल्लेदाराच्या हवाली केले आणि स्वतः शत्रूच्या वेढ्यात राहूनही किल्ला देऊ नये असेच त्यास बजावले. हा माल्कम काही पवारांचा भाट नव्हे. कंपनी सरकारच्या या अधिकाऱ्याने एका मराठा विधवेच्या धैर्याची इतकी वाखाणणी करावी, यातच सर्व आले.

परंतु दैवाचा घाला पुढेच होता. ज्याच्यासाठी हे सारे केले तो बालराजा १८१० च्या सुमारास वारला. मैनाबाईने हाय न खाता आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्यालाही रामचंद्रराव हेच नाव दिले आणि कारभार चालू ठेवला. १० जानेवारी १८१९ रोजी इंग्रजांशी तह झाला, तोवर धार हे नाव नकाशावर टिकले ते या बाईमुळे. पुढे १८३३ मध्ये दुसरे रामचंद्ररावही निवर्तले, तेव्हा त्यांची विधवा, शिंद्यांच्या घराण्यातील अन्नपूर्णाबाई, हिनेही दत्तक घेऊनच वंश चालविला.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. मैनाबाईचे धैर्य तिचे स्वतःचे. परंतु तिच्या हाती जो अधिकार आला, त्याला शास्त्राचा आधार होता. विधवेने दत्तक घ्यावा की नाही याविषयी हिंदू धर्मशास्त्राच्या शाखांत एकवाक्यता नव्हती. मिथिलेत विधवेला हा अधिकारच मानला जात नसे. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा लागे. मात्र नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' ज्या पश्चिम भागात प्रमाण, तेथे पतीने मना केले नसेल तर विधवा स्वतःच्या विचाराने दत्तक घेऊ शके. महाराष्ट्रातून माळव्यात गेलेल्या घराण्यांनी ही रीत बरोबर नेली. म्हणजे स्त्रीला आमच्याकडे कधी काही हक्कच नव्हता, हे म्हणणे टिकत नाही.

त्या काळचे इंग्लंड पाहिले तर हे अधिकच पटते. विवाहित इंग्रज स्त्रीला आपल्या नावाने मालमत्ता ठेवण्याचा पुरता अधिकार मिळाला तो १८८२ च्या कायद्याने. पोटच्या मुलांवर तर बापाचाच हक्क असे. आईला न्यायालयात मुलाचा ताबा मागण्याची काहीशी सोय झाली ती १८३९ साली, मैनाबाईने मुलाच्या नावे राज्य राखल्यानंतर कितीतरी वर्षांनी. फ्रान्समधील विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी धरण्याची आणि बँकेत खाते उघडण्याची मोकळीक १९६५ मध्ये मिळाली. पश्चिमेलाही हे हक्क कोणी आयते वाढून दिले नाहीत. तेथील स्त्रियांना ते भांडूनच घ्यावे लागले.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे ही आत्मवंचना होईल. मैनाबाईने राज्य केले ते मुलाच्या नावाने. मूल जन्मले म्हणून ती राजमाता. ते गेले तेव्हा दुसरे आणावे लागले, कारण तिच्या स्वतःच्या नावाने गादी चालणे शक्य नव्हते. दत्तक घ्यावयाचा तो मुलगाच. मुलगी घेऊन वंश चालत नसे. आणि जुन्या कायद्यातील विपर्यास असा, की निपुत्रिक विधवेने दत्तक घेतला की पतीची जी मिळकत तिच्याकडे आलेली असे, ती त्या क्षणी तिच्या हातून सुटून दत्तकपुत्राकडे जाई. ज्या कृतीने तिला मान मिळे, तीच कृती तिला रिक्तहस्त करी.

आता देवासकडे वळू. विधवेला निदान मुलाच्या आडून उभे राहता येत होते. पती हयात असलेल्या स्त्रीची स्थिती काय? राजर्षी शाहू छत्रपतींची कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचा विवाह १९०८ मध्ये देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. दोन्ही घराणी तोलामोलाची. परंतु हा संसार टिकला नाही आणि अक्कासाहेब कोल्हापुरास परतल्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली तुकोजीरावांकडे खासगी चिटणीस होते. त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे देवासविषयीचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. त्यात राजाविषयी मोठे ममत्व आहे. राणीच्या मनाचा ठाव घेणारे तसे पुस्तक कोणी लिहिले नाही.

याच काळात, १९१९ साली, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध आणि काडीमोडाविषयी कायदे केले. परंतु कोल्हापूरचा कायदा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत. तो देवासला लागू नव्हता. छत्रपतींच्या कन्येलाही सासरी त्याचा आधार नव्हता. तिला होते ते माहेर. ज्या स्त्रीला असे माहेर नव्हते, तिने कोठे जावे? पुढे १९४७ मध्ये अक्कासाहेबांचेच पुत्र विक्रमसिंहराव दत्तक जाऊन शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर बसले. इतिहासात आईचे नाव पुन्हा आले ते पुत्राच्या नावामागून.

या दोन स्त्रियांच्या चरित्रांतून एकच गोष्ट निघते. आपल्या परंपरेने स्त्रीला आई म्हणून मान दिला, विधवा म्हणून काही अधिकार दिला. परंतु केवळ व्यक्ती म्हणून, स्वतःच्या नावाने, काही दिले नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम आपल्याच माणसांनी केले. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने १९३७ चा कायदा झाला आणि विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाइतका, पण केवळ हयातीपुरता, वाटा मिळाला. धारेपासून फार दूर नसलेल्या महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहितेचे विधेयक मांडले. ते रखडले हे राजीनाम्याचे एक प्रमुख कारण सांगून त्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्याच विधेयकाचे तुकडे १९५५ आणि १९५६ मध्ये निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाले. घटस्फोटाचा मार्ग खुला झाला, स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालक झाली, मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि अविवाहित स्त्री किंवा विधवा स्वतःसाठी दत्तक घेऊ लागली. सधवेला मात्र हा हक्क मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला तो २००५ मध्ये.

आमच्या गोमंतकीय वाचकांस येथे आपले घर आठवेल. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा गोव्यात १८७० पासून चालू झाला आणि वेगळा करार नसल्यास पत्नी निम्म्या मिळकतीची धनीण ठरली. तरी १८८० मध्ये हिंदूंच्या रूढींची जी संहिता निघाली, तिने पत्नीला ठराविक वयापर्यंत पुत्र न झाल्यास पतीला दुसऱ्या विवाहाची वाट ठेवलीच. तेथेही अडसर पुत्राचाच.

कायदे झाले, परंतु भावाच्या बाजूने हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही आपल्या घरांत आहेत, आणि त्या सहीला आपण माया म्हणतो. नवरात्रात देवीची ओटी भरताना तिला कोणाची आई म्हणून नव्हे, तर ती देवी म्हणून आपण नमस्कार करतो. घरच्या लेकीलाही तिच्या स्वतःच्या नावाने तिचा वाटा मोजून द्यावा. मैनाबाईला जे स्वतःच्या नावाने मिळाले नाही, ते आपल्या लेकीला देणे आता आपल्या हाती आहे.