कैदी ते राज्यपाल

नगरचा किल्ला म्हटलं की आपल्याला नेहरू आठवतात. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये ओडिशाच्या हरेकृष्ण महताबांनाही तिथेच डांबलं होतं. सुटले १९४५ मध्ये. दहा वर्षांनी, १९५५ साली, तेच मुंबई राज्याचे राज्यपाल झाले. आणि नगर जिल्हा त्याच राज्यात!

कलम १५९ प्रमाणे शपथ, कलम १५८ प्रमाणे बिनभाड्याचं निवासस्थान. तसं किल्ल्यातही भाडं नव्हतंच म्हणा! आमच्या भाषेत, यूजर तोच, ॲक्सेस बदलला.

पण जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर मुंबईत पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा राज्यपाल हेच होते. कारभार मोरारजींच्या मंत्रिमंडळाचा, हे खरं. तरी वाटतं, घर, भत्ते, मानमरातब सरकार देतं. कोठडीची आठवण मात्र ज्याची त्यानेच जपायची असते.