कीबोर्ड आणि सिक्वेन्सर एका लयीत कसे आणायचे?

समजा, कवठे महांकाळमध्ये घरी बसून तुम्ही भजनाचा ट्रॅक तयार करताय. कीबोर्डवर ठेका लावला, लॅपटॉपवर रेकॉर्डचं बटण दाबलं, चार मिनिटं छान वाजवलं. मग त्यावर सॉफ्टवेअरमधली ढोलकी बसवायला घेतली. पहिलं कडवं जमलं, दुसऱ्यात ढोलकी किंचित मागे वाटू लागली आणि शेवटच्या गजरापर्यंत दोघांचं पुरतं फाटलं.

असं झालं की वाजवणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. पण बहुतेक वेळा चूक हाताची नसते. दोन यंत्रं आपापल्या घड्याळावर चाललेली असतात. एकाचा टेम्पो १०० आणि दुसऱ्याचा १००.५ असला, तर चार मिनिटांत एक ४०० मात्रा वाजवतं आणि दुसरं ४०२. फरक अर्ध्या आकड्याचा, पण सम दोन मात्रांनी सरकते.

मिडीतून आवाज जात नाही

मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा आहे. कोणता स्वर दाबला, किती जोरात दाबला, कधी सोडला, एवढाच निरोप त्यातून जातो. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. ती भाषा आजही जवळपास तशीच आहे.

सिक्वेन्सर म्हणजे हे निरोप क्रमाने लिहून ठेवणारी वही. ती कीबोर्डच्या आत असते, वेगळ्या यंत्रात असते किंवा क्यूबेस, रीपर, एफएल स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असते. चार मिनिटांच्या गाण्याची मिडी फाइल काही केबींची असते, तर त्याच गाण्याची वेव्ह फाइल ४० एमबीच्या वर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी मिडी फाइल पाठवली आणि ती तुमच्याकडे भलतीच वाजली, तर फाइल बिघडलेली असेलच असं नाही. निरोप तोच असतो, वाजवणारं वाद्य तुमचं असतं.

इथे एक गंमत. १९९१ साली वाद्यांची जी सामायिक यादी ठरली, तिला जनरल मिडी म्हणतात. तिच्यात १०५ व्या क्रमांकावर सतार आहे, ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. ढोलकी आणि तबला मात्र नाहीत. त्यामुळे एका कीबोर्डवरचा ढोलकीचा ठेका दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर भलत्याच तालवाद्यावर निघू शकतो. ढोलकी पाठवायची असेल तर आवाज रेकॉर्ड करूनच पाठवा.

जोडणी

आता बऱ्याच कीबोर्डला ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेलं भोक असतं. तिथून प्रिंटरची असते तसली केबल लॅपटॉपला जाते. ओटीजी जोडून मोबाईलही चालतो, अँड्रॉइडमध्ये ही सोय ६.० पासून आहे. जुन्या कीबोर्डला पाच पिनांची गोल केबल लागते. एकाचं आउट दुसऱ्याच्या इनमध्ये, एवढं लक्षात ठेवा.

गोल केबलचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. मिडी-इनच्या आत दोन यंत्रांना विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवणारा भाग असतो, त्यातून संदेश प्रकाशाच्या रूपात पुढे जातो. यूएसबीत तसं नसतं. घरात अर्थिंग धड नसेल आणि लॅपटॉप चार्जरवर असेल, तर यूएसबी जोडताच स्पीकरमधून घरघर ऐकू येऊ शकते. कीबोर्ड दुरुस्तीला नेण्याआधी चार्जर काढून बघा.

प्रत्येक स्वर दोनदा का वाजतो?

कारण एक स्वर कीबोर्ड स्वतः वाजवतो आणि तोच निरोप लॅपटॉपकडून परत आल्यावर पुन्हा वाजवतो. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. कीबोर्डच्या मिडी सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. काम संपल्यावर पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाला पट्ट्या दाबताय आणि आवाज नाही, अशी वेळ येईल.

लय कोण धरणार?

हा खरा प्रश्न. एक यंत्र मास्टर, बाकीची त्याच्या मागे. मास्टर दर मात्रेला २४ टिचक्या पाठवतो. टेम्पो १२० असेल तर दोन टिचक्यांत साधारण २१ मिलिसेकंदांचं अंतर असतं. मागचं यंत्र स्वतःचं घड्याळ बाजूला ठेवतं आणि या टिचक्या मोजत पुढे सरकतं. सुरू हो, थांब, जिथे थांबलास तिथून पुढे चल, हे निरोपही त्याच तारेतून येतात.

ही गरज मिडीच्या आधीपासूनची आहे. मुंबईतल्या स्टुडिओंत हिंदी सिनेमांसाठी वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. रोलंडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ तालयंत्र आणि टीबी-३०३ बेसयंत्र, एवढ्यावर दहा राग. ८०८ आणि ३०३ यांना एका लयीत चालवायला रोलंडची स्वतःची सिंक केबल होती. तीही पाच पिनांचीच, तिच्यातूनही मात्रेला २४ टिचक्याच जायच्या, पण भाषा मिडीची नव्हती. तेव्हा ही तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या संगीतवेड्यांनी कान टवकारले.

तुमच्या कीबोर्डवर मेन्यूत ‘क्लॉक’ शोधा. ‘इंटर्नल’ म्हणजे तो स्वतःच्या लयीत चालेल, ‘एक्स्टर्नल’ म्हणजे दुसऱ्याच्या. घरी रेकॉर्डिंग करताना लॅपटॉपला मास्टर करा आणि कीबोर्ड एक्स्टर्नलवर ठेवा. दोघेही इंटर्नल असतील तर सुरुवातीला सांगितलेली फाटाफूट होते. दोघेही एक्स्टर्नल असतील तर दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. जत्रेच्या स्टेजवर ऐन वेळी ठेका सुरूच होत नाही, त्यामागे अनेकदा हेच असतं. घरी केलेलं एक्स्टर्नल तसंच राहिलेलं असतं आणि लॅपटॉप घरी.

टिचक्यांना सम कळत नाही

मिडी क्लॉक मात्रा मोजतं, आवर्तन मोजत नाही. ताल सहाचा की सातचा, सम कुठे, खाली कुठे, यातलं काहीही त्या टिचक्यांत नसतं. दोन्ही यंत्रांत ताल तुम्हालाच सारखा भरावा लागतो. नाट्यपद रूपकात आहे, लॅपटॉपवर सातचा हिशेब लावलाय आणि कीबोर्डची स्टाइल चारची राहिली, तर टेम्पो तंतोतंत जुळूनही गाणं बिघडेल. सात आणि चार यांची गाठ थेट २८ मात्रांनी, म्हणजे रूपकाच्या चार आवर्तनांनी पडते. मधली तीन आवर्तनं सम एकीकडे आणि कीबोर्डचा ठोका दुसरीकडे. ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. दादरा, केहरवा, भजनी हे ताल बहुतेक यंत्रांत सहज बसतात. रूपक आणि झपतालाला मात्र स्टाइल बंद करून स्वतःचा पॅटर्न भरणंच बरं.

गाण्याच्या मधून सुरुवात करतानाही घोळ होतो. मास्टर ‘सुरुवातीपासून किती सोळांशे पुढे आहोत’ हा आकडा पाठवतो. तो न समजणारे कीबोर्ड पहिल्या मात्रेपासूनच सुरू होतात. तसा कीबोर्ड असेल तर दर वेळी गाणं मुळापासून लावा. वेळ जातो, पण डोकं शांत राहतं.

लय चढते तेव्हा

आपलं भजन एका टेम्पोवर कधीच संपत नाही. गजराला लय चढतेच, चढायलाच हवी. यंत्राच्या ठोक्यावर बांधलेलं भजन निर्जीव लागतं ते यामुळे. पण सिंक म्हणजे एकच लय, हा गैरसमज आहे. सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो ट्रॅक असतो. तिथे गजरापासून ९६ वरून १२० पर्यंत चढती रेघ काढा. टिचक्या जवळजवळ येत जातात आणि कीबोर्ड मुकाट्याने मागे येतो. त्याहून चांगलं म्हणजे आधी टाळ-मृदंगासह माणसांनी वाजवलेलं रेकॉर्ड करा आणि त्याच्या मात्रांवर टेम्पो ट्रॅक बसवा. मेहनत जास्त आहे, पण लय माणसाची राहते.

मींड आणि पट्टी

पिच-बेंडच्या चाकाने घेतलेली मींड मिडीत आकड्यांनी नोंदली जाते. चाक पूर्ण फिरवल्यावर किती स्वर सरकायचे, हे मात्र वाजवणारं यंत्र ठरवतं. एकात दोन अर्धस्वर आणि दुसऱ्यात बारा असतील तर मींड भलतीकडेच जाईल. दोन्हीकडे हा आकडा सारखा ठेवा.

गायकासाठी पांढरी एकची काळी दोन केली असेल, तर ट्रान्सपोजचं बटण रेकॉर्डिंगनंतर शून्यावर आणा. काही कीबोर्ड परत येणाऱ्या स्वरांनाही पुन्हा तेवढंच सरकवतात आणि पट्टी दुप्पट चढते.

शेवटी आवाज रेकॉर्ड करताना एकेक वाद्य वेगळं घ्या आणि ब्लूटूथ हेडफोन काढून तारेचा लावा, कारण ब्लूटूथने आवाज ऐकू यायला लागणारा उशीर हाताला चुकवतो. कीबोर्डच्या आतल्या सिक्वेन्सरवर काम करत असाल तर दर कडव्यानंतर सेव्ह करा. वीज गेली की न साठवलेलं सगळं जातं. आणि फाइल मित्राला पाठवताना तिच्या नावातच पट्टी, ताल आणि टेम्पो लिहा : ‘काळी दोन, भजनी, ९६ ते १२०’.