वाघाच्या गळ्यातील पट्टा

१८९६ साली एच. जी. वेल्सने ‘डॉक्टर मोरोचे बेट’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा जिवंत प्राण्यांवर शस्त्रप्रयोग करावेत की नाही, यावर इंग्लंडात वाद माजलेला होता. वेल्स हक्स्लेचा शिष्य. काही काळ शाळामास्तरही होता. त्याचा डॉक्टर पशूंची चिरफाड करून त्यांना माणसे बनवू पाहतो, आणि अखेर ती पुन्हा पशूच होतात. १९३६ मध्ये कारेल चापेक या चेक लेखकाने बोलणारे जलचर कल्पिले. माणसांनी त्यांना मोती काढायला लावले, हत्यारे दिली आणि शेवटी त्यांच्याच हातून मार खाल्ला. १९६३ मध्ये पिएर बूलने तर माणसालाच पिंजऱ्यात घालून शास्त्रज्ञाची गादी वानराला दिली.

तिघेही थोर कल्पक खरे. पण पशू पशूच राहील आणि माणूस त्याचे पाऊल न् पाऊल टिपीत बसेल, हे या तिघांपैकी कुणी लिहिले नाही. ते घडले आमच्याकडे.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी रेडिओचा पट्टा बांधला. दप्तरी नाव टी-१-सी-१. हा गडी पावसाळ्याच्या सुमारास निघाला तो शेते, नाले, सडका ओलांडीत, तेलंगणात शिरून परत येत, डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. चाल बहुतेक रात्रीची. नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर! शेगावची पालखी पायी पंढरपूर गाठते. तिच्या वाटेहून ही कितीतरी लांब. आकाशातील उपग्रहांनी त्याची पाच हजारांवर ठिकाणे नोंदविली. एवढ्या वाटेत एक माणूस जखमी झाला, तोही वाघ विसावला होता त्या झुडपात लोक शिरले म्हणून.

तो कशासाठी चालला? जागेसाठी, भक्ष्यासाठी, मादीसाठी. ज्ञानगंगेत दुसरा वाघ नव्हता. त्याला वाघीण आणून द्यावी काय, याचा खल वनखात्यात झाला. जंगल अवघे २०५ चौरस किलोमीटर, भोवती शेती. बछडे मोठे झाले म्हणजे जातील कुठे, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण वाघाच्या पावलांचा तासातासाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला त्या पावलांपुरती झाडीची एक सलग पट्टी राखता आलेली नाही, हाही त्याच आक्षेपाचा अर्थ होतो.

एप्रिल २०२० मध्ये पट्टा उतरविण्यात आला. त्यानंतर तो कोणत्या रात्री कोणत्या नाल्याने गेला, याची तासाची नोंद कुणाच्या वहीत पडली नाही.