गावकीच्या खोलीचा कारभार

नेसरीचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि येथील खिंडीत धारातीर्थी पडले. ही हकीकत येथला शाळकरी पोरही सांगेल. म्हणून ती मी पुन्हा सांगत बसत नाही. मला आज बोलायचे आहे ते याच मुलखातून पुढे दोन-अडीचशे वर्षांनी वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईला निघालेल्या माणसांविषयी. त्यांनी परमुलखात एक संस्था उभी केली. तिला घटना नव्हती, शिक्का नव्हता. पण वही होती, पंच होते आणि नियम होते. तिचे नाव गावकीची खोली. या खोलीच्या अंतर्गत कारभाराचा इतिहास हा आजचा विषय.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढली व १८५६ साली तिची यंत्रे सुरू झाली. प्रारंभी मजूर आला तो मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून. गिरण्या वाढल्या तसे सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या घाटावरच्या जिल्ह्यांनीही माणसे पुरविली. १८९१ साली कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली आणि ही वाट सोपी झाली. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या आपल्या भागात पाऊस भरपूर, पण जमिनीचे तुकडे लहान आणि पोटे पुष्कळ. तेव्हा एक भाऊ नांगराला आणि एक भाऊ गिरणीला, अशी घराघरांत वाटणी झाली. गिरणीला गेलेला भाऊ बहुधा एकटाच जाई. बायको-मुले गावी राहत. कारण मुंबईच्या पगारात दोन चुली पेटत नसत. शिवाय गावची जमीन हीच त्याच्या म्हातारपणाची खरी बेगमी होती.

अशा एकट्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली ती गावकीची खोली. कोणी तिला गाळा म्हणत. परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड, शिवडी या गिरणगावात अशा खोल्या पसरलेल्या होत्या. १९२० नंतरच्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत वीस-वीस, तीस-तीस माणसे कशी मावत, असा प्रश्न आज पडेल. ती एका वेळी मावत नसतच. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन आडवा होई; उरलेले ओटीवर, जिन्यात, रस्त्यावर पथाऱ्या टाकीत. खोलीत प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे ट्रंक ठेवण्यापुरती फळी आणि कपड्यांची एक खुंटी. जेवण बाहेरच्या खानावळीत. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, आणि कोनाड्यात वही.

ती वही हीच या संस्थेची खरी मालमत्ता. तिच्यात सभासदांची नावे, दरमहाची वर्गणी, भाड्याचा हिशेब, उसनवार आणि शिल्लक यांच्या नोंदी असत. जुन्याजाणत्यांपैकी काही पंच आणि लिहिता-वाचता येणारा एक खजिनदार एवढे कारभारी मंडळ. पगार झाला की वर्गणी जमे. वर्षातून एकदा सर्वांसमोर जमाखर्च वाचला जाई. नव्या पोराला खोलीत घ्यायचे तर गावातला कोणी जामीन राही, आणि तोच त्याला जॉबरकडे नेऊन बदलीवर लावी. वर्गणी थकली, दारू पिऊन दंगा झाला, दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लागला, तर पंच बसत आणि दंड होई. भांडणेही याच गोष्टींवरून होत. खजिनदाराने भावकीला जास्त उसने दिले काय, शिल्लक देवळाला द्यावी की शाळेला, गावी जाऊन बसलेल्या म्हाताऱ्याचे नाव वहीत ठेवावे की काढावे? हे वाद क्षुल्लक वाटतात. परंतु कोणत्याही संस्थेचे राज्यशास्त्र शेवटी अशाच प्रश्नांत सामावलेले असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या कामगार चळवळीचा आरंभ आपण नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून मोजतो, आणि ते योग्यच आहे. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. १८९० साली त्यांच्या प्रयत्नाने आठवड्याची सुट्टी मिळाली. पण त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियम नाहीत, असा शेरा सरकारदरबारी त्याच काळात नोंदला गेला. तो खोटा नव्हता. मात्र जी यादी, जो निधी आणि जे नियम सरकारला असोसिएशनच्या कचेरीत सापडले नाहीत, ते चाळींतून गावागावांच्या वह्यांत वाढत होते. मजुराला संघटना समजत नव्हती असे नव्हे. त्याचा विश्वास अजून गावाच्या वेशीपलीकडे गेला नव्हता, इतकेच.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच झाला असेही नाही. ज्या काळात आपली माणसे गिरण्यांकडे वळत होती, त्याच काळात हंगेरीचे शेतकरी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींत शिरत होते. भाषा परकी, काम जिवावरचे, आणि माणूस खाणीत मेला तर त्याला पुरायला पैसा नाही. तेव्हा हेझलटन या गावी खाणकामगारांनी १८८६ साली एक साहाय्यक मंडळ काढले आणि हंगेरीच्या संसदेतील ड्यूला व्हेरहोवाय या सभासदाचे नाव त्याला दिले. वर्गणी भरायची, आजाऱ्याला मदत करायची आणि मेलेल्याच्या वारसाला रक्कम द्यायची, एवढाच त्याचा धर्म. अमेरिकेत अशी बंधुमंडळे असंख्य निघाली आणि त्यांपैकी पुष्कळ बुडालीही. बुडण्याचे कारण मोठे बोधप्रद आहे. कोणी मेला की सर्वांनी सारखी रक्कम द्यावी, ही पद्धत मंडळ तरुण असेतो गोड वाटते. सभासद म्हातारे होऊ लागले की मृत्यू वाढतात, वर्गणी वाढते, तरुण बाहेर पडतात आणि उरलेल्यांवरचे ओझे आणखी वाढते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील कायद्यांनी या मंडळांना वयाप्रमाणे दर ठरवायला आणि पुरेसा राखीव निधी ठेवायला भाग पाडले. व्हेरहोवाय मंडळ टिकले. १९५५ साली ते राकोत्सी मंडळाशी एक झाले आणि विल्यम पेन हे अमेरिकन नाव घेऊन पुढे चालले.

आमच्या खोलीने दर ठरवले नाहीत आणि विमापत्रही दिले नाही. तिचे साहाय्य नडीचे होते. गिरणीचा पगार महिना उलटून दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे, तोवर उधारी. पठाण सावकाराचा भाव रुपयाला दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला पाऊणशे टक्के. अशा वेळी खोलीच्या निधीतून पाच-दहा रुपये मिळणे म्हणजे जीवदान होते. आजारी पडलेल्याला सोबत देऊन गावी पोचवणे, मेलेल्याचे क्रियाकर्म करणे, घरी मनिऑर्डर पाठवणे, ही कामे खोलीने न सांगता केली. १९२८ साली गिरण्यांचा संप सहा महिने चालला, तेव्हा कामगारांना तग धरता आला तो लढाऊ युनियनइतकाच गावच्या धान्यामुळे आणि खोलीच्या उसनवारीमुळे. शिवाय उरलेला पैसा गावाकडे वळला. आपल्या भागातील कितीतरी देवळांच्या पायऱ्यांवर आणि शाळांच्या भिंतींवर ‘मुंबईकर मंडळी’ हे दोन शब्द कोरलेले आहेत. त्यामागे ही वर्गणी आहे.

इतके चांगले सांगितल्यावर आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास न राहता नुसता गौरव होईल. गावकी म्हणजे गाव खरे, पण सगळे गाव नव्हे. वेशीबाहेरचा माणूस मुंबईतही खोलीबाहेरच राहिला. गिरणीत विणकामाच्या खात्यात अस्पृश्य मजुराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. जो अन्याय खात्यात होता तोच खोलीत होता. दलित कामगारांना आपल्या वेगळ्या खोल्या, वेगळ्या पंचायती उभाराव्या लागल्या. एका गावच्या दोन गावक्या मुंबईत एकाच रस्त्यावर असत आणि त्यांच्या वह्या कधी एक झाल्या नाहीत.

वहीत दुसरे नाव नव्हते ते बाईचे. सभासद मेला तर त्याची जागा मुलाला किंवा भावाला जाई. विधवेला पंच खुशीने जे देतील ते. येथे व्हेरहोवायसारख्या मंडळांशी तुलना करावीशी वाटते. त्यांच्या प्रमाणपत्रावर वारसाचे नाव लिहिलेले असे आणि त्या नावाला रक्कम देणे मंडळाला बंधनकारक होते. आमच्याकडे दया होती, हक्क नव्हता. गोव्याच्या मंडळींचे मुंबईतील ‘कूड’ हे याच जातीचे. गावाच्या नावाचा क्लब, भिंतीला ट्रंकांची रांग, संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना आणि वर्षाला संताचा सण. बोटीवरच्या खलाशांना आणि आचाऱ्यांना त्याने मोठा आधार दिला. परंतु तोही पुरुषांचाच, आणि काही कूड तर जातीपुरतेच.

तथापि ज्या बाईला खोलीत जागा नव्हती, तिच्याच हातचे खोली जेवत होती. गिरणगावातील खानावळी चालवणाऱ्या बायका महिनाभर उधार जेवू घालीत आणि स्वतः वाण्याकडे कर्ज काढीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेकडून लहान कर्जे मिळवून दिली. पुरुषांच्या मंडळाने जे पाऊणशे-शंभर वर्षांत केले नाही, ते या बायकांनी केले: आपल्या नावाने वही उघडली.

कायद्याने हळूहळू खोलीची कामे आपल्याकडे घेतली. अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्याने, आजारपणाचा विमा १९४८ च्या आणि भविष्यनिर्वाह निधी १९५२ च्या. मुंबईच्या डबेवाल्यांनी काळाची पावले ओळखून १९५६ साली आपल्या संघटनेची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी केली. बहुतेक गावक्यांना तशी गरज वाटली नाही. गाव एकमेकांना ओळखते, मग कागद कशाला, असा त्यांचा सवाल होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि या सवालाचे उत्तर मिळू लागले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. माणसे गावी परतली. खोलीचे भाडे भरायला दोन-चार जण उरले.

आणि आता त्या खोलीला मोल आले आहे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतील पहिल्या घरांच्या किल्ल्या २०२५ साली रहिवाशांना मिळाल्या. ज्या फळीवर ट्रंक ठेवायलाही जागा नव्हती तिथे बहुमोल घर होते. मग प्रश्न उठतो: खोली कोणाची? भाडेपावतीवर ज्या एका पंचाचे नाव होते त्याच्या नातवाची, की वहीतल्या सगळ्यांची? गावी राहिलेल्या म्हाताऱ्याची, की शेवटपर्यंत भाडे भरणाऱ्या तरुणाची? तीस वर्षे मनिऑर्डरीची वाट पाहिलेल्या विधवेची काही आहे की नाही? कायदा भाडेपावती पाहील. वही पाहणे हे गावाचे काम आहे.

म्हणून नेसरी पंचक्रोशीतील मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर अशी एखादी वही वाळवीची वाट पाहत पडली असेल, त्यांनी ती खाली काढावी, गावसभेत वाचावी आणि तिची प्रत शाळेत किंवा ग्रंथालयात ठेवावी. वाचताना जी नावे तिच्यात लिहायची राहून गेली, बायकांची आणि वेशीबाहेरच्यांची, तीही म्हाताऱ्या माणसांना विचारून वेगळ्या पानावर लिहून घ्यावीत. प्रतापरावांच्या सहा साथीदारांची नावेही इतिहासाला खात्रीने सांगता येत नाहीत, याची खंत आपण बाळगतो. गिरणीला गेलेल्यांची नावे अजून सांगता येण्याजोगी आहेत. ती सांगणारी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे.