डालड्याचा डबा आणि आपला चौका



आपल्या वयाच्या बायकांना 'वनस्पती तूप' हा शब्द फारसा वापरावा लागलाच नाही. आपण सरळ 'डालडा' म्हणत आलो, मग डब्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं का असेना. कोणी जरा चालून दमलं की आजही म्हणतो, "ही डालड्याची पिढी!" डबा रिकामा झाला की त्यात डाळ, नाही तर तुळस, आणि अगदीच गंजला की न्हाणीघरात. एखाद्या कंपनीचा माल घरात एवढा मुरावा आणि तरीही त्याच्यावर सत्तर-ऐंशी वर्षं वाद चालावा, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. म्हणून आज त्याचा इतिहास लिहिते आहे. चातुर्मासात काय खावं, काय सोडावं हे आपण बोलतोच; पण हा प्रश्न आपल्यापुढे आला कुठून, तेही माहीत असलेलं बरं.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या शिवडीत. तेव्हा हॉलंडहून तुपासारखा दिसणारा घट्ट केलेला तेलाचा पदार्थ जहाजाने यायचा आणि स्वस्त तूप म्हणून विकला जायचा. युनिलिव्हर या इंग्रज-डच कंपनीने तो इथेच बनवायचं ठरवलं. १९३१ मध्ये 'हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन झाली, पुढच्या वर्षी शिवडीचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आलं. नावाची गोष्ट अशी सांगतात, की हॉलंडहून हा माल आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'डाडा'. ते नाव तर ठेवायचं, पण आपलीही खूण हवी, म्हणून मधे लिव्हरचा 'ल' घातला.

बनवायची रीत सांगते, कारण पुढचे सगळे वाद तिच्यातूनच निघाले. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल तापवायचं, त्यात निकेल या धातूची बारीक पूड घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. तेल घट्ट होतं, पांढरं होतं, लवकर खवट होत नाही. दिसायला अगदी रवाळ तूप. तेल झाडाचं, म्हणून नाव 'वनस्पती'. दुधाचा त्यात थेंबही नाही.

जाहिरात मात्र दांडगी केली. १९३९ च्या सुमारास लिंटास या जाहिरात कंपनीने डालड्यासाठी सिनेमागृहात दाखवायचा छोटा चित्रपट काढला, डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यावरून फिरवली, लोकांसमोर पदार्थ तळून चाखायला दिले. आपल्याकडच्या बाईला तळलेलं चाखायला दिल्याशिवाय पटत नाही, हे त्या साहेबाला बरोबर कळलं होतं.

पहिला वाद उठला तो नकलीचा. हे तूप नाही, तुपाचं सोंग आहे आणि त्यामुळे खऱ्या तुपात भेसळ करणाऱ्यांचं फावतं, असं विरोधकांचं म्हणणं होतं. गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीला विरोध केला. स्वातंत्र्यानंतर संसदेत बंदीची मागणी झाली, त्यात ठाकुरदास भार्गव पुढे होते. नेहरूंनी देशभरातून मतं मागवली, त्यातून निर्णय काही निघाला नाही. कंपनीची बाजू अशी, की आम्ही आमच्या नावाने, बंद डब्यात विकतो. तुपात मिसळतो तो व्यापारी. हे खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं, कारण जो पदार्थ मुद्दाम तुपासारखा दिसेल असा केला, तो तुपात मिसळला जाणार हे कळायला कोणी ज्योतिषी नको होता.

मग डालड्याला रंग द्या अशी मागणी निघाली. पण खायला निर्धोक आणि तरीही काढून टाकता न येणारा असा रंग काही ठरला नाही. तोडगा निघाला तो मला फार आवडतो, कारण तो आपल्या डब्यातल्या तिळाचा आहे. वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तिळाच्या तेलात असं काही असतं की हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि थोड्या साखरेबरोबर ते हलवलं की लालसर गुलाबी रंग येतो. म्हणजे तुपाचा नमुना घ्या, त्यात हे घाला, हलवा. तळाशी गुलाबी दिसलं तर तुपात डालडा आहे. भेसळ करणाऱ्याच्या मालातच पोलीस बसवून ठेवल्यासारखं! अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला, तो पुढच्या वर्षी लागू झाला, आणि भेसळ पकडायला सरकारी माणूस दुकानात येऊ लागला.

इथे जरा हिशेबाची गोष्ट, माझं बी.कॉम. वाया जाऊ नये म्हणून. युनिलिव्हरच्या इथे तीन कंपन्या होत्या: वनस्पतीची, साबणाची आणि पावडर-क्रीमची. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्या एकत्र करून 'हिंदुस्तान लिव्हर' झाली आणि तिचे दहा टक्के शेअर भारतीयांना विकले. त्याच महिन्याच्या एक तारखेला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता. विरोध करणारे सभा घेत राहिले आणि कंपनी मात्र तुमच्या-आमच्यातल्यांनाच भागीदार करून घेत गेली. हा धंद्यातला शहाणपणा मला मान्य करावाच लागतो.

१९७२-७३ च्या दुष्काळात तर चित्रच उलटं झालं. भुईमूग गेला, तेल महागलं, वनस्पती मिळेनासा झाला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. वीस वर्षांपूर्वी ज्या मालावर बंदी घाला म्हणत होते, तोच माल आता रास्त भावात द्या म्हणून मोर्चे. मला यात विसंगती दिसत नाही. बंदी मागणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांच्या घरी तूप होतं. लाटणं घेऊन निघालेल्या बाईला संध्याकाळी चार माणसांच्या पोळीवर काहीतरी चोपडायचं होतं.

आता १९८३. मी लग्न होऊन औरंगाबादला आले, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या चौक्यात डालडा कधीच नव्हता. सासूबाईंचा नियम कडक होता: पीठ पावसाळ्यात तीन दिवसांचं, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, तूप घरच्या लोण्याचं. पण चौक्याबाहेरच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी, दिवाळीच्या शंकरपाळ्यांच्या मोहनासाठी एक पिवळा डबा असायचा. "झाडाचंच आहे ना, मग काय हरकत," असं त्या म्हणायच्या. 'वनस्पती' या नावावर आपल्या कितीतरी घरांनी असाच विश्वास टाकला होता.

त्या वर्षी बातम्या येऊ लागल्या, की साबणाच्या नावाखाली परदेशातून आणलेली गाईची चरबी वनस्पतीत मिसळली जाते. संसदेत गदारोळ झाला, चरबीच्या आयातीवर बंदी आली. आरोप ठरावीक कारखान्यांवर होते, पण संशय प्रत्येक डब्यावर. आणि ज्या कंपन्यांची नावं पुढे आली, त्यांतल्या एकीच्या नावातच 'जैन' आणि 'शुद्ध' हे दोन्ही शब्द होते. हे वाचलं त्या दिवशी आमच्या घरात दुपारी कोणी कोणाशी बोललं नाही. सासरे वर्तमानपत्र घडी करून ओटीवर बसून राहिले.

काडतुसांना गाईची-डुकराची चरबी लावली या संशयाने १८५७ मध्ये शिपाई बिथरले होते, हे शाळेत शिकलो होतो. तेव्हा वाटायचं, एवढ्याशा गोष्टीवरून? त्या दुपारी कळलं. सासूबाईंना राग कंपनीचा नव्हता, सरकारचाही नव्हता. त्या एकच विचारत राहिल्या: "न कळत पोटात गेलं असेल, त्याचं काय?" याचं उत्तर कोणत्याही चौकशी आयोगाकडे नसतं. त्या माताजींकडे गेल्या, प्रायश्चित्त मागितलं, उपवास केले आणि बाजारच्या मिठाईचा आजन्म त्याग केला. पुढे पंचवीस वर्षं जगल्या, पण नातवाच्या बारशालाही बाहेरचा पेढा तोंडात घातला नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात नणंदेचं लग्न होतं. आचारी म्हणाला, तळण डालड्यातलं नको तर खर्च वाढेल. सासऱ्यांनी मोंढ्यातून शेंगदाणा तेलाचे डबे आणले, गोडासाठी तूप गावाकडून जमवलं आणि पाच पक्वान्नांची दोन केली. वरपक्षाकडून एक-दोन बोलणी ऐकली. माझ्या मते ती पंगत त्या वर्षातली सगळ्यात चांगली पंगत होती.

साबणाचा प्रश्न मात्र राहिलाच. चरबी साबणासाठी येत होती, म्हणजे साबणात ती होतीच की! ती आपण अंगाला चोळत होतो. आयात थांबल्यावर साबणवाल्यांना भाताच्या कोंड्याचं, सालबियांचं, कडुनिंबाचं तेल जास्त वापरावं लागलं. हिंदुस्तान लिव्हरने या तेलांवरचं काम त्याआधीच सुरू केलं होतं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. (त्याच कंपनीच्या कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याचं प्रकरण वेगळं. कारखाना २००१ मध्ये बंद झाला आणि कामगारांशी समझोता व्हायला २०१६ उजाडलं. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.)

डालड्याला शेवटी धक्का दिला तो ना धर्माने, ना भेसळीने. १९९० मध्ये हॉलंडमधल्या दोन संशोधकांनी दाखवलं, की तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणारी 'ट्रान्स' चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. जिथून हा पदार्थ आला, तिथूनच त्याचा निकालही आला! १९५० च्या सुमारास विरोधक आरोग्याला घातक म्हणत होते, तेव्हा त्यांना जुन्या वळणाचे म्हणून हसले होते. त्यांचं कारण चुकीचं होतं, पण शंका अगदीच फोल नव्हती. हिंदुस्तान लिव्हरने २००३ मध्ये डालडा बंगी या कंपनीला विकून टाकला. तेला-तुपातल्या ट्रान्स चरबीची मर्यादा सरकारने उतरवत उतरवत २०२१ मध्ये तीन टक्के आणि २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणली.

पण सासूबाईंचा प्रश्न यातल्या कशातच नव्हता. असली की नकली, स्वस्त की महाग, हृदयाला बरं की वाईट, हे सगळं विचारून झालं. 'हे कशापासून आलं' हे डब्यावर लिहायची सक्ती नव्हती. ती सुरू झाली २००१ मध्ये, पाकिटावरच्या ठिपक्याने. आधी मांसाहाराचा तपकिरी ठिपका आला, मागोमाग शाकाहाराचा हिरवा. आता तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आहे, हे लक्षात ठेवा. चष्मा नसला तरी आकारावरून ओळखू येतो. सासूबाई तो हिरवा ठिपका बोटाने दाबून बघायच्या, खरवडून निघतो का म्हणून.

ठिपक्याच्या आतही गल्ल्या आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की घटक नुसत्या आकड्याने लिहून भागणार नाही. तो झाडापासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून आला, हेही लिहायला हवं. त्या सुनावणीत ६३१ या आकड्याची चर्चा झाली. चव वाढवणारा हा पदार्थ मांसापासून किंवा माशापासून काढता येतो, तसाच पीठ-साखर आंबवूनही करता येतो. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही.

गेल्या दशलक्षण पर्वाच्या आधी सुनेला नमकीनच्या पाकिटावर हाच आकडा दिसला. ठिपका हिरवा होता. तरी तिने कंपनीला मेल केला, की हे कशापासून काढलं आहे. उत्तर यायला तीन आठवडे लागले: "वनस्पतिजन्य." तोवर ते पाकीट न फोडता फडताळात वरच्या खणात ठेवलं होतं.